रामटेके बाईंचा जाज

रामटेके बाईंना गाता येत नव्हतं. हे त्या स्वतःच सगळ्यांत आधी सांगून टाकायच्या. तुमरीगुड्याच्या आमच्या शाळेत त्या रुजू झाल्या, त्या पहिल्याच सकाळी त्यांनी परिपाठाला प्रार्थना सुरू केली आणि दुसऱ्या ओळीलाच पोरं माना खाली घालून हसायला लागली. बाई थांबल्या. सगळ्यांकडे एकदा नीट पाहून म्हणाल्या, "हासा, हासा. माझ्या गळ्यात सूर नाई, मले माहीत हाये. पण कान चांगले हायेत माझे. तुमी म्हणा, मी ऐकते."

त्या दिवसापासून प्रार्थना पोरांनी म्हणायची आणि बाईंनी डोळे मिटून ऐकायची, असं ठरूनच गेलं.

तुमरीगुडा अहेरीपासून पाऊण तासावर, जंगलातल्या रस्त्यानं आत. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोनच. मी ब्रह्मपुरीकडचा, धानाच्या शेतकऱ्याच्या घरचा. पहिली-दुसरी माझ्याकडे होती, तिसरी-चौथी बाईंकडे. खोली मात्र एकच, मध्ये एक लोखंडी कपाट. त्यामुळे पाच वर्षांत मी बाईंचा वर्ग पाहिला कमी आणि ऐकला जास्त. खडू टेबलावर टकटक वाजवत शिकवायची त्यांना सवय होती. पाढे असोत की कविता, खडू चालूच. कधी कधी माझी पहिलीतली पोरंसुद्धा कपाटाच्या अलीकडे त्या ठेक्यावर मान हलवत बसायची आणि माझं फळ्यावरचं 'अ-आ' बाजूला राहायचं.

बाई ठेंगण्या, चालणं दणदणीत, केस तेल लावून घट्ट बांधलेले. पर्समध्ये डिंकाची बाटली कायम. फाटलेलं पुस्तक दिसलं की उभ्या उभ्या चिकटवायच्या. एकदा पाटलाच्या घरच्या लग्नाचं बोलावणं घेऊन माणूस आला, त्याच्या हातातली पत्रिका फाटलेली होती. बाईंनी ती आधी चिकटवली आणि मग वाचली. लग्नाला मात्र गेल्या नाहीत. लग्नांना त्या कधीच जायच्या नाहीत. "मले गर्दी सोसत नाई," म्हणायच्या. आठवडी बाजारात तीन-तीन तास फिरणाऱ्या बाईंना गर्दी सोसत नाही, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

बाईंची धाकटी बहीण गडचांदूरला असते. तिचा नवरा तिथल्या एका सिमेंट कारखान्याच्या कॉलनीत गाडी चालवतो. कॉलनीतल्या कुण्या इंजिनिअरची बदली झाली, तेव्हा त्यांनी घरातल्या पोराची जुनी पुस्तकं खोक्यात भरून त्याला दिली. "तुमची मेव्हणी मास्तरीण आहे ना, घेऊन जा." दिवाळीच्या सुट्टीत ते खोकं बाईंकडे आलं. बहुतेक रंग भरायची पुस्तकं, अर्धी भरलेली. पण तळाशी चार पुस्तकं निराळी निघाली. जाड पुठ्ठ्याची, पानभर चित्रांची, मजकूर इंग्रजी. सुट्टी संपल्यावर बाईंनी ती माझ्या टेबलावर ओळीनं मांडली.

"सर, हे माणसं पाहा. आपल्यासारखेच दिसतेत ना?"

काळ्या रंगाची माणसं होती, अमेरिकेतली. पहिल्या पुस्तकात गरीब वस्तीतल्या पोराला पोचे पडलेला ट्रम्पेट मिळतो. दुसऱ्यात पियानो वाजवणारी बाई. तिसऱ्यात आईच्या स्वयंपाकाची भांडी बडवून बडवून ड्रमवाला झालेला एक जण. चौथ्यात क्लॅरनेट वाजवणारा माणूस, आपल्या मंडळींसोबत बसनं गावोगाव हिंडणारा. हे सगळे जॅझ वाजवायचे.

"जॅझ म्हणजे काय हो सर?" बाईंनी विचारलं. मला माहीत नव्हतं. त्यांच्या शब्दकोशात लिहिलं होतं, 'एक प्रकारचे संगीत'. बाई दोन दिवस त्या शब्दकोशावर चिडून होत्या. "एक प्रकारचं म्हणजे कोणत्या प्रकारचं? हे काय सांगणं झालं?" शेवटी रविवारी त्या अहेरीला गेल्या. तिथे रेंज असते. बाजारात भाजी घेण्याऐवजी एका रसवंतीच्या बाकावर बसून त्यांनी मोबाइलवर जॅझचे तुकडे उतरवून आणले. आणि मग हिवाळाभर, शब्दकोश मांडीवर घेऊन, एकेका ओळीचं मराठी करून कागदाच्या पट्ट्यांवर लिहिलं. पट्ट्या इंग्रजी ओळींच्या खाली चिकटवल्या.

आमच्या पोरांची घरची भाषा गोंडी. मराठी त्यांना शाळेत भेटते. बाईंनी पट्टीच्या खाली बोटभर जागा रिकामी ठेवली होती. "इथी तुमचं लिहा," त्यांनी चौथीतल्या पोरींना सांगितलं. पोरींनी पेन्सिलीनं गोंडी लिहिलं. एका चित्राखाली तीन भाषा. पुस्तकाची पानं हळूहळू इतकी जाड झाली की ती मिटेनात.

पहिल्यांदा गाणं ऐकवलं तो दिवस मला आठवतो. मोबाइलचा आवाज पोचेना, म्हणून बाईंनी खिचडीचं मोठं पातेलं, म्हणजे रिकामा गंज मागवला आणि मोबाइल त्यात ठेवला. गंजातून ट्रम्पेट घुमायला लागला. माझा वर्गसुद्धा कपाटाला वळसा घालून पलीकडे जाऊन बसला. मीही गेलो. वाजवणारा मध्येच घसरल्यासारखा व्हायचा, परत वर चढायचा. संपल्यावर सोमारी नावाची तिसरीतली पोरगी म्हणाली, "बाई, हा रडून राह्यला का हासून राह्यला?"

बाई विचारात पडल्या. "मलेबी नाई समजलं, माय. परत ऐकू."

परत ऐकलं. मग परत. त्या दिवशी गणित झालंच नाही.

पुस्तकात एके ठिकाणी लिहिलं होतं की हे लोक सगळे मिळून एक ताल धरतात आणि मग एकेक जण पुढे येऊन मनातलं वाजवतो. आधीपासून काही ठरलेलं नसतं. बाईंनी हे उचललं आणि त्याला नाव दिलं 'पाळी'. सगळ्यांनी मांडीवर ताल धरायचा, पाळी आली की ज्यानं त्यानं एक ओळ बोलायची. गोंडीत बोला, मराठीत बोला, अडकलात तर नुसतं हूं-हूं करा. "चुकलं तरी चालते, थांबायचं नाई," ही बाईंची एकच अट. चौथीतल्या पोरी म्हणाल्या, "बाई, हे तं आमच्या रेल्यासारखं हाये." गावात सणाला रात्रभर रेला चालतो, एकीनं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी उचलायची. ज्या पोरी मराठीच्या तासाला ओठ शिवल्यासारख्या बसायच्या, त्या पाळी आली की सकाळी आईनं काय रांधलं, बकरी कुठी गेली, भाऊ काऊन रुसला, सगळं तालात सांगायच्या. मराठीत सांगता सांगता गोंडीत शिरायच्या, परत मराठीत यायच्या. पोरांच्या तोंडी जॅझचा 'जाज' झाला होता. "बाई, आज जाज हाये का?" असं रोज दारातच विचारायची.

केंद्रप्रमुख साहेब आले तेव्हा नेमका जाज चालू होता. आवाज त्यांना रस्त्यावरच ऐकू आला असावा. "गुरनुले, हे काय चाललंय?" त्यांनी मला विचारलं. मी तोंड उघडायच्या आधी पहिलीतलं एक पोर म्हणालं, "जाज, साहेब."

साहेबांनी पुस्तक हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि समोर बसलेल्या सोमारीला वाचायला सांगितलं. सोमारीनं मराठी पट्टी वाचली. मग खालची गोंडी ओळ वाचली. मग कोणी न सांगताच वरच्या इंग्रजीवर बोट ठेवून एकेक अक्षर जुळवायला लागली. साहेब खुर्चीत मागे टेकले.

"बाई, पण हे बसतं कोणत्या विषयात?"

"भाषेत बसवा ना साहेब. नाई बसलं तं गणितात टाका, ताल मोजतेत पोरं."

साहेब हसले. जाताना भेटवहीत त्यांनी दोनच वाक्यं लिहिली. 'वर्गात आवाज फार आहे. मुले वाचतात.'

इथवर सगळं हसतखेळत होतं. पुढचा हिवाळा आला. सोमारी आता चौथीत गेली होती आणि पुस्तकांची मालकीण झाली होती. कोणी पान दुमडलं तर भांडायची. एके दिवशी क्लॅरनेटवाल्याचं पुस्तक घेऊन ती बाईंसमोर उभी राहिली.

"बाई, हे पान जाड हाये."

"पट्ट्या हायेत ना."

"पट्ट्या तं सगळ्याच पानायले हायेत. हे दोन पानं एकमेकायले चिकटले हायेत."

"छापतानी चुकलं असंल."

सोमारीनं पान नाकाजवळ नेलं. "नाई बाई. डिंकाचा वास येते."

कपाटाच्या पलीकडे खडूची टकटक थांबली. मी मस्टर लिहीत होतो, माझाही पेन थांबला. मग बाई म्हणाल्या, "उद्या सांगते."

मधल्या सुट्टीत त्यांनी चहा घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ओल्या फडक्यानं ते पान सगळ्यांसमोर सोडवलं. चित्राचा थोडा रंग निघून आला. पुस्तक मांडीवर उभं धरून त्यांनी पोरांना दाखवलं. मोठं हॉटेल होतं. पुढच्या दारावर दिवे, उंची कपड्यातले गोरे लोक आत शिरत होते. आणि इमारतीच्या मागे, कचऱ्याच्या डब्यांपाशी, कोट-टाय घातलेली ती वाजवणारी माणसं आपापली वाद्यं सांभाळत स्वयंपाकघराच्या दारातून आत जात होती. क्लॅरनेटवाला सगळ्यांत शेवटी.

"काऊन?" सोमारीनं विचारलं. "वाजवायले तं त्यायलेच बोलावलं ना?"

"हो. वाजवायले बोलावलं. पण पुढच्या दारानं नाई, आणि लोकायसंग जेवायले नाई." बाईंचा आवाज साधा होता, गोष्ट सांगतानाचा नव्हता. "हे पान मीच चिकटवलं. मले वाचवत नव्हतं. माझे बाबा क्लॅरनेट वाजवतेत. बल्लारपूरच्या बँडमधे होते, लग्नात वाजवायचे."

रुजू झाल्या तेव्हा बाईंनी मला सांगितलं होतं, बाबा सर्व्हिसमध्ये होते, आता रिटायर.

"बँडवाले बहुतेक आमच्याच वस्तीतले," बाई सांगत होत्या. "वरात पोचली की लोकं मांडवात जात, आणि हे लोकं मांडवाच्या मागं, आचाऱ्याच्या चुलीपाशी बसत. सगळ्यायचं जेवण झालं की मंग यायले वाढत. मी तुमच्यापेक्षा थोडी मोठी होती. माझ्या मैत्रिणीच्या बहिणीचं लग्न होतं, मी नवीन फ्रॉक घालून गेली. वरात आली तं समोर बाबा. लाल कोट, डोक्यावर तुऱ्याची टोपी. त्यायनं मले पाह्यलं आणि हासले. मैत्रीण म्हणे, तो बँडवाला तुले पाहून काऊन हासून राह्यला? मी म्हटलं, मले नाई माहीत. आणि मान फिरवून घेतली."

सोमारीनं विचारलं, "त्यायनं पाह्यलं?"

"पाह्यलं असंल."

"मंग तुमी त्यायले नंतर काई सांगितलं?"

"नाई."

"काऊन?"

बाईंनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, "भूगोल काढा."

त्या शनिवारी अर्धी शाळा सुटल्यावर त्या पुस्तक घेऊन बल्लारपूरला गेल्या. सोमवारी परत आल्या आणि मधल्या सुट्टीत, चहाचा कप हातात तसाच धरून, त्यांनी मला सगळं सांगितलं.

बाबा अंगणात खाटेवर बसलेले होते. बाईंनी चष्मा दिला, पुस्तक समोर धरलं, ते पान उघडलं. म्हातारा बराच वेळ चित्र पाहत राहिला. बाईंनी मनाची तयारी करून त्या लग्नाचा विषय काढला. मैत्रिणीचं नाव सांगितलं, गल्ली सांगितली, मान फिरवल्याचं सांगितलं.

"कोणतं लग्न?" बाबा म्हणाले. "शेकड्यानं लग्नं वाजवले म्या. मले नाई आठवत."

"बाबा, तुमी हासले होते माझ्याकडं."

"वरातीत हासतच वाजवा लागते." आणि मग चित्रावर बोट ठेवून म्हणाले, "पण यानं चूक केली."

"कोणं?"

"चित्रवाल्यानं. मागच्या पानावर पाह्य. उजवा हात वर काढला, डावा खाली. क्लारनेट असं धरतेत का? डावा हात वर पाहिजे. असं धरून सात जन्मात वाजणार नाई. हे तू पोरायले दाखवून राह्यली?"

बाई हे सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "सर, त्यायले आठवत नाई का मुद्दाम नाई म्हणाले, मले अजून समजलं नाई. मी दोनदा विचारलं. दोन्हीवेळा हात-हातच करत राह्यले."

बाबांनी बाईंकडून कबूल करून घेतलं की चूक दुरुस्त केल्याशिवाय पुस्तक परत पोरांच्या हातात द्यायचं नाही. त्यामुळे त्या चित्राखाली आता आणखी एक पट्टी आली. बाईंच्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'या चित्रात हात चुकले आहेत. डावा हात वर असतो. सांगणारे डोमाजी रामटेके, क्लॅरनेटवादक, बल्लारपूर.' पोरांनी ते पाठच करून टाकलं.

नाव वाचलं तसं पोरांना माणूस पाहायचा होता. रोज विचारायला लागली. शेवटी फेब्रुवारीत डोमाजी भाऊ आले. उंच, वाळलेले, पांढरं धोतर, काखेत कापडात गुंडाळलेली क्लॅरनेटची पेटी. मी पाया पडायला गेलो तर दोन पावलं मागे सरले आणि हात जोडले. "सर, आमी साधे माणसं."

त्यांचे पुढचे दात पडलेले होते. क्लॅरनेटची वेताची पत्ती ओठांत धरायला दात लागतात, हे त्यांनीच सांगितलं. सूर नीट लागेना. पहिल्या फुंकरीला नुसती हवा, दुसऱ्या फुंकरीला बदकासारखा आवाज. पोरं हसली नाहीत. सोमारीनं मांडीवर ताल धरला. एकेकानं उचलला. म्हाताऱ्यानं मान तिरकी करून तो ताल ऐकला, पत्ती ओठांच्या कोपऱ्यात सरकवली आणि एक लांब सूर काढला. मग दुसरा. पूर्ण गाणं नव्हतंच ते. तीन-चार सूर, वर-खाली, मध्ये थांबून दम घ्यायचा. ते थांबले की पोरं पाळी घ्यायची. डावा हात वर आहे की नाही, हे मात्र सगळी पोरं डोळे फाडून पाहत होती.

तेवढ्यात गावातून माणसं धावत आली. पाटील स्वतः पुढे. "शाळेत कोणाचं लग्न लागून राह्यलं, सर?"

"लग्न नाई," बाई म्हणाल्या. "माझे बाबा आले हायेत."

मी बाईंना त्यापूर्वी इतक्या मोठ्यानं बोलताना ऐकलं नव्हतं.

दुपारी खिचडीची पंगत व्हरांड्यात बसली. मदतनीस बाईनं पहिलं ताट डोमाजी भाऊंना दिलं. ते त्यांनी दोन्ही हातांत घेतलं, आणि आम्ही पोरांना ओळीत बसवत असताना ते कधी उठून गेले, कळलंच नाही. पाहतो तर व्हरांड्यात नाहीत. बाई शोधत मागच्या बाजूला गेल्या, मी त्यांच्या मागे. स्वयंपाकघराच्या पाठीमागे, सरपणाच्या ढिगाजवळ ते उकिडवे बसले होते. ताट जमिनीवर, जेवण अजून सुरू केलेलं नव्हतं. सगळ्यांचं होऊ द्यायचं होतं बहुतेक. त्यांना कोणी तिकडे जा म्हटलं नव्हतं. पाय आपोआप तिकडे वळले होते.

मला वाटलं बाई त्यांना हाताला धरून उठवतील. त्या व्हरांड्यात परतल्या, आपलं ताट घेतलं आणि येऊन बाबांच्या शेजारी मातीत मांडी घालून बसल्या. थोड्या वेळानं सोमारी आपलं ताट घेऊन आली. तिच्या मागून चौथीतल्या पोरी. मग सगळीच. मीही ताट घेऊन गेलो. मदतनीस बाईनं वैतागून मोठा गंज उचलला आणि मागे आणून ठेवला. त्या दिवशी आमच्या शाळेची पंगत स्वयंपाकघराच्या मागे बसली.

डोमाजी भाऊंनी सगळीकडे एकदा पाहिलं. लेकीकडे पाहिलं. मग घास घेतला. जेवता जेवता, ताटातच नजर ठेवून म्हणाले, "फ्रॉक पिवळा होता तुझा. मीच आणला होता चंद्रपूरहून."

बाईंचा हात तोंडाशी जाता जाता राहिला. बाईंनी भांड्यातलं पाणी त्यांच्याकडे सरकवलं.

वर्षभरानं बाईंची बदली झाली, सिरोंचाकडे, गोदावरीकाठच्या एका शाळेत. तिथली पोरं तेलुगू बोलतात म्हणे. चारही पुस्तकं बाई आमच्याच शाळेच्या कपाटात ठेवून गेल्या. निघायच्या दिवशी गावच्या फाट्यावर पोरं जमली होती, आयाबाया आल्या होत्या. बाई रडल्या नाहीत. पेटी कुठे ठेवायची यावरून कंडक्टरशी वाद घालत होत्या. बस सुटायला झाली, आणि दाराच्या पायरीवरून त्यांना गर्दीत एक लहान पोरगी दिसली. आईच्या पदराआड, तोंडात बोट घातलेली. गावात असून बाईंनी तिला कधी पाहिलेलं नसावं.

"नीवा पोरोल बाता?" बाईंनी पायरीवरूनच विचारलं. म्हणजे तुझं नाव काय. पाच वर्षांतही त्यांची गोंडी तशी मोडकीच होती.

पोरगी गप्प. आई सांगायला लागली, तर बाईंनी हात वर केला. "तू नको सांगू. तिले सांगू दे."

कंडक्टरनं घंटी मारली. परत मारली. बाई पायरीवरून उतरल्या, पोरीसमोर खाली बसल्या आणि नुसत्या तिच्याकडे पाहत राहिल्या. खिडक्यांतून लोक डोकावायला लागले. ड्रायव्हरनं गाडी बंद केली.

शेवटी पोरीनं तोंडातलं बोट काढलं आणि काहीतरी म्हणाली. इतक्या हळू, की ते फक्त बाईंना ऐकू गेलं. बाईंनी मान डोलावली, उठल्या, लुगडं झटकलं, गाडीत चढल्या. गाडी हलली तसं खिडकीतून डोकं काढून मला म्हणाल्या, "सर, जूनमधे हे पोरगी येते. वहीत लिहून घ्या."

मी गाडीसोबत चार पावलं धावलो. "नाव काय, बाई?"

"ते तिलेच विचारा," बाई ओरडल्या, आणि गाडी वळणावरून गेली.